सीताबर्डीची धाकटी टेकडी

बदलीच्या नोकरीत माणूस ज्या गावी जाऊन पडतो, त्या गावाचा इतिहास त्याला अगदी शेवटी भेटतो. आधी दूधवाला भेटतो, मग घरमालक, मग मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. आणि या सर्वांशी बरेवाईट जमून गावाची थोडी ओळख होते न होते, तोच पुढच्या बदलीचा कागद हाती येतो. दुर्गच्या पद्मनाभपुरात राहणारी आम्ही मराठी मंडळी याला अपवाद नव्हतो. कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, दोघेतिघे कचेरी-न्यायालयाच्या आसपास. गणपतीत एकत्र यावे, कोजागरीला दूध आटवावे आणि उरलेले वर्ष पुण्या-नागपूरच्या आठवणी काढण्यात घालवावे, हा आमचा शिरस्ता. या भूमीशी मराठी माणसाचा संबंध ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, म्हणजे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले त्या सुमारास सुरू झाला, अशी आमच्यातील पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत एका जुन्या गॅझेटिअरातील एका वाक्याने मोडली. दुर्गच्या मातीच्या किल्ल्याविषयीचे ते वाक्य होते. १७४१ मध्ये मराठ्यांनी छत्तीसगढ पादाक्रांत केले, तेव्हा हा किल्ला त्यांनी आपल्या हालचालींचे मुख्य ठाणे केला होता, एवढाच त्याचा आशय. आम्ही चपापलो. ज्या गावात भाड्याच्या घरात राहून आपण बदलीची वाट पाहतो, तेथे आपल्याच भाषेत बोलणारे लष्कर पावणेतीनशे वर्षांपूर्वी तळ देऊन बसले होते, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आणि खरे सांगायचे तर आम्हीही कोणाला विचारली नव्हती. एका रविवारी आम्ही किल्ल्याच्या खुणा धुंडाळायला निघालो. मातीच्या किल्ल्याचे दैव मातीसारखेच असते. दोन तास उन्हात हिंडून हाती काही विशेष लागले नाही आणि मंडळी चहाच्या दुकानात विसावली.

सुरुवातीची खूण सापडेना, तेव्हा शेवट तरी पाहावा, अशी कल्पना तेथेच निघाली. छत्तीसगढातील भोसल्यांच्या स्वतंत्र सत्तेचा शेवट झाला तो छत्तीसगढात नव्हे. तो झाला नागपुरास, सीताबर्डीच्या टेकडीवर, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी. आणि सीताबर्डी आम्हा सर्वांच्या पायाखालची. दुर्गहून नागपूरला जाताना गाडी स्टेशनात शिरते ती त्या टेकडीच्या जवळूनच. आमच्यापैकी प्रत्येकाने ती शंभरदा पाहिली असेल, आणि एकाही वेळी पाहिली नसेल.

नागपुरात इतिहासाची आवड असलेली काही मंडळी अशा फेऱ्या काढतात. त्यांच्यातील एका वयोवृद्ध प्राध्यापकांशी पत्रव्यवहार झाला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तो सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच खुला होतो, म्हणून प्रजासत्ताकदिनाची तारीख ठरली. आम्ही नऊजण निघालो. त्यांत आठ मराठी आणि एक आमचे शेजारी. हे शेजारी निवृत्त शिक्षक, मूळचे दुर्ग जिल्ह्यातल्याच पाटण भागातले छत्तीसगढी. त्यांना सारे पद्मनाभपूर 'गुरुजी' म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणू. “तुम्ही लोक आपल्या पराभवाची जागा पाहायला पैसे खर्चून जाता, हे मला पाहायचे आहे,” असे ते हिंदीत हसत हसत म्हणाले आणि गाडीत बसले.

या वाक्यातील टोमणा आम्हाला नंतर पुष्कळ आठवला. मराठी माणूस रणभूमी पाहायला जातो ती सामान्यतः विजयाची, नाहीतर दिव्य बलिदानाची. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत दर पावसाळ्यात शेकडो तरुण चिखल तुडवीत जातात, आणि ते योग्यच आहे. पानिपताला जाणारेही आता पुष्कळ. पण पानिपताच्या पराभवालाही आम्ही एक प्रकारचे तेज दिले आहे. सीताबर्डीला असे काही नाही. तेथे आपण संख्येने कितीतरी जास्त होतो, घराजवळ होतो, तोफा आपल्याकडे अधिक होत्या, आणि तरीही हरलो. अशा जागी बाजार वसतो. सीताबर्डीवरही तो वसला.

प्राध्यापकांनी फेरीची सुरुवात टेकडीपासून केली नाही. सकाळी सात वाजता त्यांनी आम्हाला महालात, भोसल्यांच्या जुन्या राजधानीच्या वस्तीत, बोलावले. जानेवारीची थंडी होती. त्यांनी मफलर कानाला गुंडाळला होता आणि हातात छत्री होती, ती ऊनपावसासाठी नसून जागा दाखवण्यासाठी. त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला, रणभूमी नेहमी हल्ला करणाऱ्याच्या वाटेने चालावी, कारण राखणाऱ्याला जागा आधीच ठाऊक असते, हल्ला करणाऱ्याला ती पायांनी शिकावी लागते. दुसरा, टेकडीवर पोहोचेपर्यंत 'आपले' आणि 'त्यांचे' हे दोन शब्द कोणी उच्चारायचे नाहीत. “नावे घ्या, पलटणींचे आकडे घ्या, पण हे दोन शब्द नकोत,” असे ते म्हणाले. पहिला नियम आम्ही पाळला. दुसरा पाळणे किती कठीण आहे, हे अर्ध्या तासातच कळले.

थोडी पार्श्वभूमी येथेच सांगून टाकतो. दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ, म्हणून चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब कारभारी झाले, आणि त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. म्हणजे ज्या फौजेशी पुढे लढायचे होते, ती अप्पासाहेबांनी स्वतः सही करून दाराशी आणून ठेवली होती. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मृत आढळले आणि अप्पासाहेब राजे झाले. त्या मृत्यूविषयी जे बोलले जाते, ते त्यांच्या कीर्तीला कधीच सोडून गेले नाही. ५ नोव्हेंबरला खडकीस पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापतिपद अप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला भर दरबारात स्वीकारले. रेसिडेंट जेंकिन्स याने आधीच त्याविषयी नाराजी कळवली होती. तैनाती फौजेने सीताबर्डीच्या टेकड्या धरल्या. पुढे जे झाले ते अठरा तासांचे काम आहे.

महालातून आम्ही गांधी गेटपाशी आलो. याचे जुने नाव जुम्मा दरवाजा. नोव्हेंबरची लढाई संपल्यावरही नागपूर शहर पडले नव्हते. डव्हटनची मोठी फौज डिसेंबरात आली, १६ डिसेंबरला शहराबाहेर लढाई झाली, अप्पासाहेब स्वाधीन झाले, तरी शहरातील अरब शिपायांनी शस्त्र खाली ठेवले नाही. २४ डिसेंबर रोजी या दरवाजावर झालेला हल्ला त्यांनी परतवून लावला आणि महिनाअखेर अटी मान्य करून घेऊन ते बाहेर पडले. राजा शरण गेल्यावर राजाचे भाडोत्री शिपाई लढत राहिले, ही गोष्ट दरवाजाच्या कमानीखाली उभे राहून ऐकताना आम्हा पगारदार माणसांना जरा निराळीच वाटली. पगारासाठी लढणारा निष्ठेने लढत नाही, असे आपण सहज म्हणतो. या दरवाजाने ते वाक्य खोटे पाडले आहे.

पुढे गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव. त्याच्या काठाने, कॉटन मार्केटच्या गर्दीतून, भाजीच्या हातगाड्या चुकवीत आम्ही लोहापुलापाशी आलो. डोक्यावरून रेल्वे जाते आणि खालून माणसे. प्राध्यापकांनी येथे सर्वांना थांबवले. “आता ही रेल्वे पुसून टाका. १८६७ च्या आधी ती नव्हती. दुकाने पुसून टाका. समोर फक्त दोन टेकड्या ठेवा, मध्ये एक खोलगट मान. दक्षिणेची मोठी, उत्तरेची धाकटी. आणि टेकडीच्या पायथ्याशी मातीच्या घरांची वस्ती ठेवा. त्या घरांच्या आडोशाने अरब पुढे सरकत होते.” आम्ही डोळे बारीक करून पुसण्याचा प्रयत्न केला. मेट्रोचे उन्नत रूळ आणि त्याखालची सीताबर्डीची दुकाने काही केल्या पुसली जाईनात. पण एक गोष्ट मात्र पायांना कळली. महालापासून येथपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, आणि मग एकदम चढ लागतो. तो चढ मोठा नाही. पण ज्याला तो गोळ्यांच्या वर्षावात चढायचा आहे, त्याला तो सह्याद्रीएवढा.

टेकडीवर किती माणसे होती? जेंकिन्सच्या बाजूने मद्रासी पायदळाच्या दोन पलटणी, त्याही आजाराने निम्म्याशिम्म्या झालेल्या. रेसिडेन्सीच्या रक्षकांच्या दोन कंपन्या. सहाव्या बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या आणि चार लहान तोफा. एकूण तेराशे-चौदाशे. भोसल्यांकडे सुमारे १८,००० फौज आणि ३६ तोफा. हा दुसरा आकडा इंग्रजांच्या कागदांतला आहे, आणि जिंकणाऱ्याला शत्रूची संख्या मोजताना नेहमी थोडा उदार हात लागतो, हे ध्यानात ठेवावे. तो अर्ध्यावर आणला तरी विषमता उरतेच.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालला. सारा जोर धाकट्या टेकडीवर होता, कारण ती वस्तीच्या जवळ आणि बंदुकीच्या टप्प्यात मोठ्या टेकडीला बांधून ठेवणारी. तिच्यावर मद्रासच्या २४ व्या रेजिमेंटची पलटण होती. तिचा कॅप्टन सॅडलर तेथेच पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि त्या क्षणाची वाट पाहत असलेले अरब वर घुसले. टेकडी पडली. तेथलीच तोफ वळवून त्यांनी मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. त्या माऱ्यात सहायक रेसिडेंट सॉथबी ठार झाला. आता फक्त मधली मान ओलांडायची होती.

येथे प्राध्यापक क्षणभर थांबले, आणि आम्ही सगळेच थांबलो. प्रत्येक पराभवात असा एक क्षण असतो की जो वाचताना वाचक पुस्तकाला हात घालून पुढचे पान अडवू पाहतो. मान ओलांडली गेली नाही. भोसल्यांचे घोडदळ मैदानात घेरा घालून उभे होते ते उभेच राहिले. अरबांच्या मागून जी पायदळे यायची ती आली नाहीत. उलट पश्चिमेच्या मैदानात रेसिडेन्सीपाशी थांबलेल्या बंगाल घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड याने वरिष्ठाकडे हल्ल्याची परवानगी मागितली. ती नाखुशीने, त्याच्याच जबाबदारीवर, मिळाली. आणि त्याने मैदानातल्या हजारोंच्या घोळक्यावर तीन तुकड्या घातल्या. समोरचे घोडदळ फुटले, तोफा हाती लागल्या. टेकडीवरच्या शिपायांनी ते वरून पाहिले. तेवढ्यात धाकट्या टेकडीवर अरबांच्यामध्ये दुसरा स्फोट झाला आणि वरून उतरलेल्या पायदळाने ती परत घेतली. दुपारपर्यंत सारे संपले. जेंकिन्सच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे दर चार माणसांत एक.

अप्पासाहेब रणांगणावर नव्हते. लढाई चालू असतानाच हे आपल्या इच्छेविरुद्ध घडत आहे, असा निरोप ते धाडीत होते, आणि हरल्यावर तर तीच त्यांची अधिकृत भूमिका झाली. आमच्या मते सीताबर्डीचा पराभव त्या मधल्या मानेवर झाला नाही; तो आदल्या दीड वर्षात, सही करणाऱ्या आणि सही मोडू पाहणाऱ्या एकाच हातात झाला. ज्याला लढायचेही आहे आणि लढलो नाही असे म्हणायची सोयही ठेवायची आहे, त्याच्यासाठी अरब एक टेकडी जिंकू शकतात, दुसरी नाही. पुढे या राजाने दाखवलेली जिद्द मात्र विसरू नये. १८१८ च्या मार्चमध्ये अटक, मे महिन्यात शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून सुटका, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने झुंज, मग असीरगड, लाहोर, मंडी, आणि शेवटी जोधपूर. तेथे १८४० मध्ये ते वारले. सीताबर्डीला जर हा माणूस हजर असता, असे मनात येते. पण इतिहासात 'जर'ची तनखा कोणाला मिळत नाही.

टेकडी गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही किल्ल्याच्या रांगेत उभे राहिलो. आजचा किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. लढाईच्या दिवशी तेथे तटबंदी अशी नव्हतीच. आत सैनिकांच्या कबरी आहेत, १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्यांच्या स्मृती आहेत, १९११ मध्ये पंचम जॉर्जने राणीसह येथून लोकांना दर्शन दिले त्याची खूण आहे. महात्मा गांधी १९२३ मध्ये या किल्ल्यात कैदेत होते, असे सांगून एक कोठडीही पाहुण्यांना दाखवतात. प्राध्यापक तेथे छत्री टेकून म्हणाले, “मार्च १९२२ ते फेब्रुवारी १९२४ गांधीजी येरवड्याला होते. पण नमस्कार करा. नमस्काराला पुरावा लागत नाही.” बरोबरच्या दोन शाळकरी मुलींनी नमस्कार केला आणि वहीत येरवडाही लिहून घेतले. इतिहासाच्या फेरीचा यापेक्षा चांगला धडा आम्ही पाहिला नाही.

आणि मग त्यांनी २४ व्या रेजिमेंटची ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरला मद्रासी शिपायांनी बंड केले. नवी टोपी घालावी, कपाळी गंध लावू नये, दाढी काढावी, असे हुकूम सुटले होते. त्यातून भडका उडाला. बंड मोडल्यावर त्यात सापडलेल्या पलटणींची नावे सैन्याच्या यादीतून पुसून टाकण्यात आली. त्यांत एक होती मद्रासची पहिली रेजिमेंट. तिच्यातील शिपायांना घेऊन जी नवी पलटण उभी राहिली, तिला क्रमांक मिळाला २४ वा. म्हणजे सीताबर्डीच्या धाकट्या टेकडीवर जे मरत होते, ते कंपनी सरकारविरुद्ध बंड केलेल्या पलटणीचे वारस होते. लढाईनंतर बक्षीस काय हवे, असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी जमीन मागितली नाही की पैसा मागितला नाही. त्यांनी आपला जुना क्रमांक परत मागितला. तो त्यांना मिळाला.

कोणी काही बोलले नाही. तेलुगू-तमिळ मुलखातला शिपाई, पुसलेले नाव परत मिळावे म्हणून, नागपूरच्या टेकडीवर मराठ्यांच्या राजाविरुद्ध लढतो. मराठ्यांच्या राजासाठी अरबस्तानातला शिपाई त्याच्यावर चालून जातो. आणि निकाल लावतो उत्तर हिंदुस्थानातला घोडेस्वार. दुसऱ्या नियमाचा अर्थ आम्हाला आता लागला. आमच्यातील एकाने तरी उसासा टाकून म्हटलेच, “काही म्हणा, पण येथेच आपले राज्य गेले.”

गुरुजी इतका वेळ कठड्याजवळ उभे होते. खाली स्टेशनातून एक गाडी सुटत होती. ती बहुधा आमच्याच दिशेची असावी. त्यांनी वळून विचारले, “अउ हमर रतनपुर?” आणि आमचे रतनपूर? ते कोठे गेले, कोणाकडे गेले?

आवाजात राग नव्हता. तीस वर्षे वर्गावर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. पण आम्हा आठजणांपैकी एकालाही उत्तर येईना. ते परतीच्या गाडीत त्यांनीच दिले, डोंगरगढ येईपर्यंत, मध्ये एकदा चहासाठी थांबून.

रघुजी भोसल्यांचे सरदार भास्कर राम कोल्हटकर, ज्यांना आपण भास्करपंत म्हणून ओळखतो, १७४० च्या अखेरीस बंगालच्या स्वारीवर निघाले आणि वाटेत रतनपुरावर आले. तेथे हैहयवंशी राजा रघुनाथसिंह. वृद्ध, आणि एकुलता एक मुलगा गेल्याच्या दुःखाने खचलेला. त्याने लढाईच केली नाही. भास्करपंतांनी वाड्यावर तोफा डागल्या. राणीने तटावर पांढरे निशाण चढवले. आणि नगरावर एक लाख रुपये खंडणी बसली. शेकडो वर्षांचे राज्य एका दिवसात, लढाईवाचून गेले. रायपूरच्या शाखेचा अमरसिंह याचे राज्य १७५० मध्ये गेले; त्याला राजिम, पाटण आणि रायपूर हे परगणे ठेवून वर्षाला ७,००० रुपये टाकोळी लावली. त्याच्या मुलाकडून तेही गेले. त्याला उरली पाच गावे आणि प्रत्येक गावामागे एक रुपया. “यातले पाटण आमचे,” गुरुजी म्हणाले. “तो एक रुपया आमच्या गावानेही दिला असेल.”

पुढची नावे आमच्यातील एकदोघांनी वाचली होती, पण गुरुजींच्या तोंडून ती वेगळी ऐकू आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले स्वतः रतनपुरात राहिले. त्यांच्याविषयी गुरुजी आदराने बोलले. बिंबाजींनी रतनपूरला आपले घर मानले, टेकडीवर रामाचे देऊळ बांधले, दसऱ्याला सोने वाटण्याची चाल या भागात त्यांच्यापासून आली असे लोक मानतात. बिंबाजींनंतर छत्तीसगढ व्यंकोजी भोसल्यांच्या वाट्याला आले, आणि व्यंकोजी येथे राहिले नाहीत. त्यांनी नागपुराहून सुभेदार पाठवले. महिपतराव दिनकर, मग विठ्ठल दिनकर, मग आणखी. विठ्ठल दिनकरांनी जुने छत्तीस गढ मोडून सत्तावीस परगणे केले, परगण्यापरगण्याला कमाविसदार बसवले. व्यंकोजींच्या पश्चात हा वाटा ज्यांच्याकडे आला, तेच सीताबर्डीचे अप्पासाहेब.

येथे डब्यात जरा शांतता पसरली. सुभेदार, कमाविसदार, फडनवीस: लांबच्या मुलखात नेमणूक होऊन आलेले, वसुलीचे आकडे नागपुरास धाडणारे, पुढच्या नेमणुकीकडे डोळे लावून बसलेले मराठी अंमलदार. त्यांची आडनावे आमच्यासारखी होती. त्यांनीही पहिल्यांदा दूधवाल्याचीच चौकशी केली असेल. यांतील काही चांगले असतील. विठ्ठल दिनकरांची व्यवस्था इंग्रजांनाही पुढे पायाभूत म्हणून उपयोगी पडली. पण १७८७ ते १८१८ या एकतीस वर्षांत मालक मुलखात राहिला नाही आणि अंमलदाराला मुलूख आपला वाटला नाही. १८१८ मध्ये सीताबर्डीच्या निकालाने अंमल बदलला, इंग्रज अधिकाऱ्यांनी राजधानी रतनपूरहून रायपूरला नेली, तेव्हा या प्रदेशात त्यासाठी फारसे कोणी रडल्याचे दिसत नाही. टेकडीवर 'आपले राज्य' म्हणणाऱ्या आमच्या मित्राने खिडकीबाहेर पाहत विचारले, “गुरुजी, तुमच्या गावी आमची काही चांगली आठवण आहे का हो?” गुरुजींनी थोडा विचार केला. “दसऱ्याचे सोने आहे,” ते म्हणाले. “आणि आता भिलाईत तुम्ही आहात.”

महिन्याभराने आम्ही रतनपूरला गेलो. या वेळी वाट गुरुजींनी दाखवली. बिलासपूरपासून ते पंचवीस किलोमीटरवर आहे. महामायेचे दर्शन झाले, मग जुन्या किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरलो. येथे चालायला रणभूमी नाही, कारण रण झालेच नाही. पण भास्करपंतांच्या तोफा कोणीकडून आल्या असतील, निशाण कोठल्या बाजूने दिसले असेल, याचा अंदाज घेत आम्ही खंदकाच्या कडेने फिरलो. हल्ला करणाऱ्याच्या वाटेने चालावे, हा प्राध्यापकांचा नियम येथे पाळणे आम्हाला जड गेले. सीताबर्डीला आम्ही अरबांच्या मागून चढलो होतो आणि मनात हळहळत होतो. येथे ज्यांच्या मागून चालत होतो, त्यांची भाषा आम्हाला समजत होती. ज्या वृद्ध राजाने नुकताच मुलगा गमावला आहे, त्याच्या वाड्यावर तोफ डागण्याचा हुकूम मराठीतच सुटला असेल.

संध्याकाळी रामटेकरीच्या पायऱ्या चढलो. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण येथे येतेच. बिंबाजींनाही तीच येत असावी. वरून गाव, तळी आणि झाडीत लपलेला किल्ला दिसतो. एका पायरीवर बसून गुरुजींनी शिदोरी सोडली. त्यांच्या घरून आलेली चौसेला, आमच्याकडची तिळाची चटणी. भास्करपंत या स्वारीनंतर बंगालात गेले आणि १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून मारले, हे आमच्यातील एकाने सांगितले. गुरुजींनी मान हलवली. “बोलावून मारणे वाईट,” एवढेच ते म्हणाले, आणि चटणी आणखी घेतली.

नागपूरच्या प्राध्यापकांना आम्ही हे सारे सविस्तर लिहिले. त्यांचे उत्तर आले आहे. येत्या नोव्हेंबरात, सत्तावीस तारखेच्या आसपास, ते आपल्या मंडळींना घेऊन रतनपूरला येऊ इच्छितात. दोन्ही फेऱ्या एकमेकींना जोडाव्यात असा त्यांचा विचार आहे, आणि रतनपूरचा खंदक चालायला किती वेळ लागतो, असे त्यांनी विचारले आहे. आम्ही कळवले की चाळीस मिनिटे पुरतात. पण गुरुजी बरोबर असले तर सबंध दिवस मोकळा ठेवावा.